आलेखातली खोटी उसळी: कच्च्या काउंटरपासून साफसफाईपर्यंत

रहदारीच्या आलेखात १०० मेगाबिटच्या लिंकवर ४९२ पेटाबिट प्रतिसेकंद दिसले, तर ते खोटं आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच लिंकवर पहाटे तीनला पाच मिनिटांसाठी ८२ मेगाबिट दिसले, तर मात्र बॅकअप चालला असेल, कुणी मोठी फाइल ओढली असेल, असं म्हणून माणूस पुढे जातो. नेटवर्कवर देखरेख ठेवताना आमचा जास्त वेळ या दुसऱ्या प्रकारानेच खाल्ला. दोन्ही उसळ्यांचं मूळ एकच असू शकतं. फरक उपकरणातला बाइट मोजणारा काउंटर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, एवढाच.

म्हणून आलेखावर उसळी दिसली की आम्ही ती पुसायला धावत नाही. आधी तिची उंची, रुंदी आणि शेजार पाहतो. उसळी एकाच बिंदूची आहे का? तिच्या लगेच आधी किंवा नंतर खड्डा आहे का? ती एकाच पोर्टवर आहे, त्या उपकरणाच्या सगळ्या पोर्टांवर आहे, की एकाच क्षणी सगळ्या उपकरणांवर आहे? येणारी आणि जाणारी रहदारी दोन्ही उसळल्या का? या प्रश्नांच्या उत्तरांतच बहुतेक वेळा कारण सापडतं.

मुळात एसएनएमपी, म्हणजे उपकरणाकडून आकडे मागवण्याची पद्धत, वेग देतच नाही. विजेच्या मीटरसारखा तो एकूण आकडा देतो: अमुक पोर्टमधून आजवर इतके बाइट गेले. दोन वाचनांतली वजाबाकी, भागिले मधला वेळ, गुणिले आठ, हे गणित देखरेखीची प्रणाली करते. खोटी उसळी या गणितात जन्मते. वजाबाकी चुकते, नाहीतर भागाकार चुकतो.

वजाबाकीकडे आधी पाहू. ३२ बिटांचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ वर पोहोचला की पुन्हा शून्यावर येतो. पूर्ण भरलेल्या १०० मेगाबिटच्या लिंकवर याला सुमारे ३४४ सेकंद लागतात, एक गिगाबिटवर ३४ सेकंद आणि दहा गिगाबिटवर साडेतीन सेकंदही नाहीत. पाच मिनिटांनी एकदा वाचन घेणाऱ्या प्रणालीला गिगाबिट लिंकवर मधल्या काळात काउंटर किती वेळा फिरला हे कळायला मार्ग नाही. अशा पोर्टचा आलेख दातेरी, विस्कटलेला दिसतो आणि एका उंचीच्या वर कधीच जात नाही. ती उंची काढता येते: ४,२९,४९,६७,२९६ बाइट भागिले ३०० सेकंद, गुणिले आठ, म्हणजे ११४.५ मेगाबिट. एक मिनिटाने पोल करत, म्हणजे वाचन घेत, असाल तर ५७२.७ मेगाबिट. गिगाबिट पोर्टचा आलेख ११४ च्या आसपास छताला डोकं आपटल्यासारखा दिसला, की तो पोर्ट जुन्या काउंटरवर आहे असं समजावं आणि बाकीचा शोध थांबवावा.

उपाय सरळ आहे. येणाऱ्या बाइटांसाठी आयएफ-इन-ऑक्टेट्सऐवजी आयएफ-एचसी-इन-ऑक्टेट्स वाचायचं, ओआयडी (त्या मूल्याचा एसएनएमपीतला क्रमांक) १.३.६.१.२.१.३१.१.१.१.६, आणि जाणाऱ्या रहदारीसाठी शेवटचा आकडा १०. हे ६४ बिटांचे काउंटर आहेत. दहा गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवरही ते फिरायला चारशेहून जास्त वर्षं लागतील. पण एक अडचण हमखास येते. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटांचा काउंटर हा प्रकारच नाही. उपकरणाची नोंद जुन्या टेम्प्लेटवरून झाली असेल आणि आवृत्ती एक राहिली असेल, तर हे काउंटर मिळत नाहीत आणि काही साधनं गुपचूप ३२ बिटांवर परत येतात. पडद्यावर ‘६४ बिट’ निवडलेलं दिसतं, डेटा मात्र जुन्याच काउंटरचा येतो. म्हणून सेटिंगचं पान पाहून समाधान मानू नये. पोलर, म्हणजे वाचनं घेणारा प्रोग्राम, ज्या मशीनवर चालतो तिथूनच, त्याच आवृत्तीने आणि त्याच कम्युनिटीने (एसएनएमपीच्या पासवर्डसारख्या शब्दाने) एक वाचन हाताने घ्यावं आणि उत्तरात काउंटरचा प्रकार काय लिहून येतो ते पाहावं.

आता सुरुवातीच्या ८२ मेगाबिटकडे येऊ. काउंटर फिरणं आणि काउंटर शून्य होणं या वेगळ्या घटना आहेत, पण वजाबाकीला दोन्ही सारख्याच दिसतात: नवा आकडा जुन्यापेक्षा लहान. आरआरडीटूल या आलेखांचा डेटा साठवणाऱ्या साधनाच्या ‘काउंटर’ प्रकारात आकडा घटला की तो फिरला असं गृहीत धरून आधी ३२ बिटांची भर घातली जाते. त्यानेही फरक ऋणच राहिला तर ६४ बिटांची. समजा आधीचं वाचन १२० कोटी बाइट होतं, मग राउटर रीबूट झाला आणि पुढचं वाचन ४० लाख आलं. प्रणालीच्या मते मधे जवळपास ३१० कोटी बाइट वाहिले. पाच मिनिटांना भागलं की ८२.६ मेगाबिट, अगदी पटण्याजोगा आकडा. हाच प्रकार ६४ बिटांच्या काउंटरवर झाला की पेटाबिटचा डोंगर उभा राहतो. म्हणजे ६४ बिटांवर गेल्याने रीबूटच्या उसळ्या जात नाहीत, उलट प्रचंड होतात. आमच्या मते ही सोयच आहे, कारण एवढी मोठी उसळी लपत नाही आणि साध्या कमाल मर्यादेने अडवता येते.

आरआरडीटूलवर चालणाऱ्या प्रणालीत नवीन पोर्ट जोडताना आम्ही ‘काउंटर’ऐवजी ‘डिराइव्ह’ प्रकार घेतो आणि किमान मूल्य शून्य ठेवतो. आकडा घटला की उत्तर ऋण येतं, किमान मर्यादेत बसत नाही आणि तेवढी नोंद ‘अज्ञात’ म्हणून पडते. रीबूटमागे एक बिंदू कोरा राहतो, बस. ६४ बिटांचा काउंटर आपल्या हयातीत फिरणार नसल्यामुळे फिरण्याची काळजी घेणारा प्रकार तिथे हवाच कशाला? ३२ बिटांच्याच काउंटरवर अडकलेली जुनी उपकरणं असतील तर मात्र ‘काउंटर’ ठेवावा आणि कमाल मर्यादा न विसरता घालावी.

ती मर्यादा किती ठेवावी यावर मतं वेगळी असू शकतात. लिंकच्या वेगाइतकीच मर्यादा घातली तर लिंक पूर्ण भरते नेमक्या त्याच वेळी आलेखात भोकं पडतात. वाचनाची वेळ एखादा सेकंद इकडेतिकडे झाली तरी हिशेब लिंकच्या वेगाच्या थोडा वर जातो आणि खरी नोंद फेकली जाते. आम्ही वेगाच्या १० ते २० टक्के वर मर्यादा ठेवतो. आरआरडीत (आरआरडीटूलच्या फाइलीत) ही मर्यादा बाइट प्रतिसेकंदात असते हे लक्षात ठेवावं: एक गिगाबिट म्हणजे १२,५०,००,०००, आणि २० टक्के वाढवून १५,००,००,०००. बिटांचा आकडा घातला तर मर्यादा आठपट सैल होते. वेग कुठून घ्यायचा हेही महत्त्वाचं. आयएफ-स्पीड हे मूल्य ३२ बिटांचं असल्याने ४.२९ गिगाबिटच्या पुढे जात नाही. दहा गिगाबिटच्या पोर्टवर टक्केवारी त्यावरून काढली तर लिंक ४३ टक्के भरताच १०० टक्क्यांचा अलर्ट येतो, आणि पूर्ण भरल्यावर २३३ टक्के दिसतात. मेगाबिटमध्ये वेग देणारं आयएफ-हाय-स्पीड वापरावं. टनेल आणि उप-इंटरफेसवर तोही आकडा नाममात्र असतो. तिथे मर्यादा हातानेच लिहावी.

रीबूट झाला की नाही हे ठरवायला सगळे सिस-अपटाइम, म्हणजे किती वेळ चालू आहे ते सांगणारं मूल्य, पाहतात. पाहावंच, पण त्याचे दोन दोष माहीत असू द्यावेत. ते सेकंदाच्या शंभराव्या भागात आणि ३२ बिटांत मोजलं जातं, त्यामुळे ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतं. उपकरण ठणठणीत असताना रीबूटचा अलर्ट येतो तो यामुळे. दुसरं, ते एसएनएमपी एजंटचं (उपकरणातल्या उत्तरं देणाऱ्या प्रोग्रामचं) वय आहे. एजंट पुन्हा सुरू केला तर ते शून्य होतं आणि पोर्टचे काउंटर मात्र चालूच राहू शकतात. एसएनएमपी-इंजिन-टाइम सेकंदांत असतं, ते ४९७ दिवसांच्या फेऱ्यातून सुटतं. उलट बाजूने, उपकरण रीबूट न होताही एखाद्या पोर्टचे काउंटर शून्य होतात: कार्ड काढून घातलं, लिनक्सवर ड्रायव्हर पुन्हा चढवला, आभासी इंटरफेस पाडून नव्याने उभा केला. यासाठी काउंटर शेवटचा कधी खंडित झाला ते सांगणारं आयएफ-काउंटर-डिसकंटिन्युइटी-टाइम हे मूल्य आहे. वरच्या ६४ बिटांच्या काउंटरांच्याच तक्त्यात, ओआयडीचा शेवटचा आकडा १९. ते बदललं असेल तर त्या पोर्टची आधीच्या वाचनाशी वजाबाकी करूच नये. सगळे उत्पादक हे मूल्य नीट भरत नाहीत, तरी जिथे भरतात तिथे वाद तिथेच संपतो.

इंटरफेस क्रमांकाची गडबड वेगळी दिसते. रीबूटनंतर किंवा नवं कार्ड बसवल्यावर उपकरण पोर्टांना नवे क्रमांक देतं, आणि सात क्रमांकाचा आलेख आता दुसऱ्याच पोर्टचे आकडे वाचू लागतो. एका पोर्टच्या एकूण आकड्यातून दुसऱ्याचा वजा होतो म्हणून एक उसळी येते, आणि त्यानंतर आलेखाची पातळी कायमची बदललेली राहते. एक उसळी आणि मग नवी पातळी दिसली, की आधी क्रमांक जुळवून पाहा. आलेख क्रमांकाऐवजी आयएफ-नेमशी (पोर्टच्या नावाशी) बांधावा आणि उपकरणात क्रमांक कायम ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

याचाच भाऊबंद म्हणजे आभासी पत्ता. दोन फायरवॉल जोडीने चालतात आणि देखरेख त्यांच्या सामायिक पत्त्यावर असते. ताबा एकाकडून दुसऱ्याकडे गेला की उत्तर दुसऱ्या यंत्राकडून येतं. त्याचे काउंटर वेगळे, त्यामुळे सगळ्या पोर्टांवर दोन्ही दिशांना एकदम उसळ्या. दोन्ही यंत्रांचे स्वतंत्र व्यवस्थापन पत्ते वापरण्यापलीकडे याला उपाय नाही.

प्रोमिथियस हे देखरेखीचं साधन वापरणारे म्हणतील, आमचं रेट फंक्शन शून्य होणं ओळखतं. ओळखतं, आणि तिथेच एक वेगळा सापळा आहे. आकडा जरासा जरी घटला तरी काउंटर शून्यापासून पुन्हा सुरू झाला असं ते मानतं आणि नव्या वाचनाचा सगळा आकडा वाढ म्हणून धरतं. काही उपकरणांत एकत्रित पोर्टचा काउंटर सभासद पोर्टांच्या बेरजेतून बनतो आणि अधूनमधून शंभर-दोनशे बाइटांनी मागे सरकतो. काउंटर पाच टेराबाइटवर असेल आणि खिडकी (ज्या काळावर रेट काढतो तो) पाच मिनिटांची असेल, तर त्या शंभर बाइटांपोटी आलेखावर १३३ गिगाबिट उभे राहतात. असलाच अपघात आपण स्वतःही घडवू शकतो: आधी बेरीज आणि मग रेट, असा उलटा क्रम लावून. बेरजेतलं एक लक्ष्य (ज्याचे आकडे घेतो ते उपकरण) थोडा वेळ गायब झालं की बेरीज घटते, आणि ती घट शून्य होणं समजली जाते. आधी प्रत्येकाचा रेट, मग बेरीज.

भागाकाराच्या चुका कमी नाट्यमय, पण जास्त फसव्या असतात. ओळखीची खूण म्हणजे उसळीला चिकटलेला खड्डा. जे वर गेलं ते शेजारून घेतलेलं असतं, आणि दोन्हींची सरासरी काढली की शेजारची पातळी परत मिळते.

सर्वात जास्त आढळणारं कारण उपकरणाच्या आत असतं. कित्येक स्विच एसएनएमपीला ताजे आकडे देत नाहीत. हार्डवेअरमधून ठरावीक सेकंदांनी आकडे उचलून ठेवलेले असतात आणि मधल्या प्रश्नांना तेच उत्तर मिळतं. समजा हे ताजेपण २० सेकंदांनी येतं आणि आपण ३० सेकंदांनी विचारतो. पहिल्या वाचनात ४० सेकंदांची रहदारी सापडते, पुढच्यात २० सेकंदांची, आणि दोन्हींना भागलं जातं ३० ने. ६०० मेगाबिटची सपाट रहदारी आलटूनपालटून ८०० आणि ४०० दिसते. पोलिंग जितकं जलद कराल तितका हा खेळ वाढतो. ‘बारीक पाहू’ म्हणून मध्यांतर दहा सेकंदांवर आणल्यावर आलेख शून्य आणि दुप्पट यांच्यात उड्या मारू लागतो. हे तपासायला एका व्यस्त पोर्टचा काउंटर दर सेकंदाला, दोनेक मिनिटं, हाताने वाचत राहावं. आकडा किती सेकंद तसाच राहून मग उडी मारतो ते लगेच दिसतं. पोलिंगचं मध्यांतर त्या काळाच्या पूर्ण पटीत आणि निदान तीन-चार पट ठेवावं.

दुसरं कारण पोलरच्या बाजूला. पोलरवर भार वाढला की रांगेतल्या उपकरणाचं वाचन वीस-तीस सेकंद उशिरा होतं. शिक्का मात्र कधी ठरलेल्या वेळेचा बसतो, कधी डेटाबेसमध्ये लिहिल्याच्या वेळेचा. नेट-एसएनएमपी या वाचनाच्या साधनाच्या मूळ सेटिंगमध्ये एक सेकंद वाट पाहून पाच वेळा पुन्हा विचारलं जातं. न बोलणारी काही उपकरणं मधे आली की मागच्यांची सगळी रांग सरकते. आभासी यंत्राचा स्नॅपशॉट घेताना ते थबकतं, किंवा घड्याळ एनटीपीने (वेळ जुळवणाऱ्या सेवेने) एकदम पुढेमागे ढकललं जातं, तेव्हाही हेच. अशा वेळी उसळ्या सगळ्या उपकरणांवर एकाच क्षणी येतात, म्हणून दोष पोलरचा हे ठरवायला वेळ लागत नाही. आणि साधन मधल्या वेळेचा शिक्का न पाहता ठरावीक मध्यांतरानेच भागत असेल, तर एक वाचन हुकल्यावर पुढची नोंद सरळ दुप्पट येते.

यावरचा चांगला इलाज म्हणजे उपकरणाचंच घड्याळ वापरणं. एकाच विनंतीत सिस-अपटाइम आणि काउंटर दोन्ही मागायचे, आणि भागाकार पोलरच्या वेळेने न करता सिस-अपटाइमच्या फरकाने करायचा. उत्तराला प्रवासात किती वेळ लागला याला मग महत्त्व उरत नाही. तयार साधनांत ही सोय नेहमी नसते. पण शंकास्पद पोर्टसाठी चार ओळींची स्क्रिप्ट लिहून एक दिवस चालवणं अवघड नाही. प्रत्येक ओळीत पोलरची वेळ, सिस-अपटाइम, डिसकंटिन्युइटी-टाइम, पोर्टचं नाव, दोन्ही दिशांचे बाइट आणि पाकिटं लिहायची. गणित काहीच करायचं नाही, कच्चे आकडे ठेवायचे. पुढची उसळी आली की त्या वेळेच्या दोन ओळी शेजारी ठेवून कागदावर वजाबाकी करता येते. आलेखावरून तर्क लढवत बसण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

पाकिटांचा आकडा उगाच घेतलेला नाही. बाइट भागिले पाकिटं म्हणजे सरासरी पाकिटाचा आकार, आणि इथरनेटवर तो ६४ ते १५१८ बाइटांच्या आतच असायला हवा. जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) चालू असतील तर ९,००० च्या आसपास. वरच्या ८२ मेगाबिटच्या उदाहरणात रीबूटच्या वेळी पाकिटांचा काउंटरही शून्य झाला. तो आधी २० लाखांवर असेल तर प्रणालीच्या लेखी चारशे कोटींवर पाकिटं वाहिली, म्हणजे सरासरी पाकीट एका बाइटाहूनही लहान. असं पाकीट जगात नसतं. उसळी खरी की खोटी हे ठरवायला आमच्याकडे याहून स्वस्त कसोटी नाही.

खऱ्या उसळ्याही असतात हे विसरून चालत नाही. लिंकच्या दुसऱ्या टोकाचा आलेख पाहावा: इकडून गेलेलं तिकडे आलेलं दिसलं, तर ती रहदारी खरी. त्याच वेळी टाकून दिलेल्या पाकिटांचा काउंटर वाढला असेल, तरीही खरी. नेटफ्लोने (रहदारीच्या प्रत्येक प्रवाहाची नोंद पाठवणाऱ्या सोयीने) पडताळताना मात्र जपून. लांब चालणाऱ्या प्रवाहाची नोंद सक्रिय कालमर्यादा संपल्यावर पाठवली जाते. सिस्कोच्या जुन्या मूळ सेटिंगमध्ये ती ३० मिनिटं आहे. अर्ध्या तासाचे बाइट एका मिनिटात जमा झालेले दिसतात, म्हणजे पडताळणीचं साधनच नवी खोटी उसळी तयार करतं. ही मर्यादा ६० सेकंदांवर आणावी.

प्रतिसादवेळेच्या उसळ्यांबद्दल थोडक्यात. राउटरला थेट पिंग केलं की उत्तर त्याचा मुख्य प्रोसेसर सवडीने देतो. आरपार जाणारी पाकिटं वेगळ्या वाटेने, हार्डवेअरमधून जातात. ट्रेसराउटमध्ये मधल्या टप्प्यावर २०० मिलिसेकंद आणि पुढच्या सगळ्या टप्प्यांवर २० दिसत असतील, तर मधल्या राउटरची उत्तर द्यायची घाई नव्हती, इतकंच. पिंगच्या प्रत्येक गटातलं पहिलंच पाकीट सावकाश येत असेल तर ते बहुधा एआरपीचं (पुढच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारण्याचं) उत्तर येईपर्यंत थांबलेलं असतं. ते हिशेबातून वगळावं. आणि पोलरवरून त्याच्याच गेटवेलाही कायम पिंग चालू ठेवावं. तिथेही उसळी असेल तर दोष घरातच आहे.

कारण बंद झाल्यावर जुना डेटा साफ करायचा, आधी नाही. आरआरडीत नुसती कमाल मर्यादा बदलली तर ती फक्त पुढच्या नोंदींना लागते. मागचं काढायला पोलर थांबवा, आरआरडी-कॅश-डी (नोंदी तात्पुरत्या साठवणारा प्रोग्राम) चालत असेल तर त्यातल्या नोंदी फाइलीत उतरवा, फाइलीची प्रत काढा, मग डंप करून एक्सएमएल घ्या आणि मर्यादा-तपासणीचा पर्याय लावून रिस्टोर करा. मर्यादेबाहेरची मूल्यं अज्ञात होतात.

यातून सुटतात त्या सरासरीच्या नोंदी. एक गिगाबिटच्या पोर्टवर १०० गिगाबिटची पाच मिनिटांची उसळी दिवसाच्या सरासरीत २८८ ने भागली जाते आणि ३४७ मेगाबिट होऊन बसते. ती मर्यादेच्या आतच असल्याने तपासणीला दिसत नाही. पाच मिनिटांचा आलेख स्वच्छ होतो आणि वर्षाच्या आलेखावर काटा तसाच राहतो. त्या ओळी एक्सएमएलमध्ये तारखेने शोधून हाताने बदलाव्या लागतात. कॅक्टाय हे आरआरडीटूलवर चालणारं साधन वापरणाऱ्यांसाठी उसळ्या काढण्याची सोय त्यातच आहे, पण ती संख्याशास्त्रीय अंदाजाने चालते. आधी कोरडी चाचणी घेऊन ती नेमकं काय पुसणार आहे ते पाहावं, नाहीतर महिन्यातून एकदा येणारा खरा बॅकअपही जातो. पुसलेल्या जागी शून्य भरू नये. शून्याचा अर्थ त्या वेळी रहदारी नव्हती असा होतो आणि सरासरी खाली ओढली जाते.

बिल ९५व्या शतमकावर (वरच्या पाच टक्के नोंदी सोडून उरलेल्यांतल्या कमाल आकड्यावर) असेल तर ही सफाई बिलासाठी क्वचितच लागते. ३० दिवसांत पाच मिनिटांच्या ८,६४० नोंदी होतात, त्यातल्या वरच्या ४३२ तशाही सोडून दिल्या जातात. क्षमतेचं नियोजन कमाल आकड्यावर किंवा सरासरीवर करत असाल तर मात्र सफाई लागतेच.

रिस्टोर बहुतेक वेळा रूटने चालवलं जातं आणि फाइलीची मालकी बदलते. पोलरला मग लिहिता येत नाही आणि आलेख तिथून पुढे कोरा राहतो. मालकी आणि परवानग्या प्रतीशी जुळवाव्यात, पोलर सुरू करून दोन वाचनं होऊ द्यावीत, शेवटच्या नोंदीची वेळ पुढे सरकली हे पाहावं, आणि मगच पुढच्या फाइलीला हात घालावा.